खडीवळ्याचं मिनिट

अकराला दोन मिनिटं कमी असताना डॉ. हेमांगी शेणोलीकर चहाचा कप घेऊन पडद्यासमोर येऊन बसल्या. पुण्यातल्या मेंदूविज्ञान संस्थेच्या या प्रयोगशाळेत त्या वेळी कुणी मोठ्यानं बोलत नसे. ठीक अकराला राज्यातल्या चारशे बारा शाळांमधली मुलं परिपाठ संपवून रांगेत मांडी घालत, मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी शोधत आणि डोळे मिटत. प्रत्येकाच्या पुढ्यात साबणाच्या वडीएवढा एक मिनिटमापी असे. घड्याळ बघायचं नाही, आकडे म्हणायचे नाहीत. एक मिनिट झालं असं आतून वाटलं की खटका दाबायचा. एवढंच काम. प्रकल्पाचं नाव होतं 'मनोमिनिट'.

प्रकल्प तिघांच्या भागीदारीतला. हेमांगीबाईंची संस्था, शिक्षण खातं आणि एका उद्योगसमूहाचा न्यास. तीन संस्था एकत्र आल्या की पहिलं भांडण बोधचिन्हं कुठल्या क्रमानं छापायची यावरून होतं, तसं इथंही झालं आणि चार महिने चाललं. शेवटी तिन्ही चिन्हं गोलात छापायचं ठरलं, आणि मग कुठे मुलांच्या हातात खटके पडले.

कल्पना मात्र खणखणीत होती. एकट्या मुलाचा अंदाज दहा-बारा सेकंदांनी चुकतो. पण हजार मुलांच्या चुका एकमेकींना खोडतात आणि सरासरी जवळपास अचूक येते. अंग जरासं तापलं तर आतलं घड्याळ पुढे पळतं आणि मिनिट आखूड होतं. गेल्या वर्षी एका तालुक्यातल्या चार शाळांचं मिनिट एकाएकी पाच सेकंदांनी आखूड झालं. दोन दिवसांनी तिथे तापाची साथ आली, तेव्हा डॉक्टर आधीच पोचलेले होते. त्यानंतर हेमांगीबाईंना सभांमधून पुढची खुर्ची मिळू लागली.

त्यांचा एक हट्ट होता. नोंद झाली की शाळेची सरासरी लगेच वर्गातल्या टॅबवर मुलांना दिसली पाहिजे. खात्यातले साहेब म्हणाले होते, "कशाला? पोरांना काय कळतंय त्यातलं?" बाई तेव्हा अशा काही कडाडल्या की साहेबांनी पुढच्या कागदावर न वाचता सही केली. जो नोंद करतो त्याला निकाल कळलाच पाहिजे, हे त्यांचं तत्त्व होतं, आणि त्याचा त्यांना अभिमानही होता.

त्या दिवशी पडद्यावर आकडे सांडू लागले आणि बाईंची नजर एका ओळीवर अडकली. शाळा खडीवळे, तालुका चंदगड. मोठ्या वर्गांतली मुलं तेवीस. सरासरी चौसष्ट सेकंद. विखुरणी शून्य. विखुरणी म्हणजे एका मुलाच्या आणि दुसऱ्याच्या मिनिटात किती फरक पडतो ते. तो शून्य येऊच शकत नाही. तेवीस मुलांनी एका क्षणी, सेकंदाच्या शंभराव्या भागाचाही फरक न करता खटके दाबले होते.

"गुरुजींचा प्रताप," बाई स्वतःशीच म्हणाल्या. तपासणी जवळ आली की काही मास्तर मुलांना खूण करून खटके दाबून घेत. कामाचं श्रेय जायला नको म्हणून. त्यांनी चार दिवस वाट पाहिली. चारही दिवस शून्य आलं. पाचव्या दिवशी त्या गाडीत बसल्या.

*

खडीवळ्याची शाळा डोंगराच्या कडेला. दोन खोल्या, एक पडवी, पुढे काजूची झाडं. निवृत्ती गावडे गुरुजींना बाईंचा संशय कळला तेव्हा त्यांचा चेहरा पडला.

"म्या खूण करतो म्हंता? बावीस वर्सं नोकरी झाली माजी, मॅडम. तुमीच बगा आता. मी विहिरीकडं जाऊन हुबा ऱ्हातो."

आणि ते खरोखरच निघून गेले.

बाईंनी मुलांना पांगवलं. सात पडवीत, आठ खोलीत, आठ शाळेच्या मागे. कुणाला कुणी दिसणार नाही अशी व्यवस्था. अकरा वाजले. पडवीतल्या सात मुलांचे डोळे मिटले. वारा नव्हता. बाईंना स्वतःचा श्वास ऐकू येत होता. मग सात उजवे हात मनगटावरून उठले आणि एकदम खाली आले. खटका एकच वाजला. पडवीत, खोलीत आणि भिंतीमागे मिळून एकच.

बाई झटकन खाली बसल्या. त्यांनी जवळच्या मुलाचं मनगट डाव्या हातात धरलं, दुसऱ्याचं उजव्या हातात. दोन्ही नाड्या सोबत उडत होत्या. त्यांनी तिसरं मनगट घेतलं, चौथं घेतलं. तेच. शेवटी रांगेच्या टोकाला बसलेल्या बारीकशा मुलीपाशी त्या आल्या. तिचे ओठ निळसर होते.

"तेजल नाईक," गुरुजी परत येऊन म्हणाले. "सातवीत हाय. काळजाला भोक हाय बिचारीच्या. दोन वर्सांमागं चढण चढताना चक्कर येऊन पडायची. आता न्हाई पडत. न्यासवाल्यांनीच मिरजेला आपरेशन ठरवलंय."

भोक असलेलं हृदय धडधडायला हवं होतं. तेजलची नाडी बाकीच्या बावीस जणांसारखी शांत चालत होती.

"तू मनात कशी मोजतेस गं?" बाईंनी विचारलं.

तेजल हसली. "मला मोजावं लागत न्हाई मॅडम. आमी मोजतो."

"ह्यांच्यात आनि एक झालंय बगा," गुरुजी हळूच म्हणाले. "आदी चार जन लगोरी, चार जन गोट्या, असं खेळायची. आता समदी मिळून एकच खेळ खेळत्यात. आनि दमत्यात बी एकदम. एक बसलं की समदी बसत्यात."

*

मिरजेचे शल्यविशारद डॉ. फिरोज मुल्ला यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला.

"बाई, तुमच्यावर माझा विश्वास आहे, पण हे होतं कसं ते सांगा."

"सभागृहात टाळ्या वाजतात तेव्हा आधी नुसता कडकडाट असतो," हेमांगीबाई म्हणाल्या. "थोड्या वेळानं सगळे एका ठेक्यात वाजवायला लागतात. कुणी सांगितलेलं नसतं. प्रत्येकजण बाकीच्यांचं ऐकून आपली टाळी किंचित मागेपुढे करतो, बस्स. याला आम्ही लयबंधन म्हणतो. त्याला दोन गोष्टी लागतात. प्रत्येकाची आपली एक लय, आणि बाकीच्यांची लय कळायची काहीतरी सोय."

"लय म्हणजे नाडी. आणि सोय?"

"मी दिली." बाईंचा आवाज खाली आला. "रोज सरासरी दाखवून. दोन वर्षं मुलं नाडीवर बोटं ठेवून ती सरासरी बघत होती आणि नकळत तिच्याकडे सरकत होती. बंधन एका मर्यादेपलीकडे गेलं की हळूहळू काही होत नाही, एकदम जुळतं. खडीवळ्यात ते जुळलं. बाकी शाळांना सरासरी दाखवणं मी गेल्या आठवड्यातच बंद केलंय. तिथली विखुरणी परत वाढतेय."

"मग इथंही बंद करा."

"केलंय. पण इथे आता टॅबची गरज उरलेली नाही. परवा तेजल तुमच्याकडे तपासणीला आली होती ना? त्याच वेळी सव्वाशे किलोमीटरवर गुरुजींनी बाकीच्यांना डोंगर चढायला लावला. तुमच्या खाटेवर पडल्यापडल्या तिची नाडी एकशे तीसवर गेली."

डॉ. मुल्लांनी टेबलावरचा आलेख उचलून पुन्हा पाहिला. ती उसळी त्यांनी स्वतःच लाल पेनानं गोल करून ठेवली होती.

"कशानं जोडली गेलीत?"

"माहीत नाही. फळ खाली का पडतं हे कळायच्या आधीही माणसं झाडाखाली झोळी धरतच होती. मला आता फक्त झोळी धरायची आहे, डॉक्टर. तुम्ही तिचं हृदय थांबवणार."

"थांबवावंच लागतं. औषध देऊन थांबवायचं, तोवर रक्त यंत्र फिरवतं, भोक शिवायचं, मग औषध धुऊन काढलं की हृदय आपलं आपण चालू होतं. पुढे ढकलता येणार नाही. तिचं फुप्फुस खराब व्हायला लागलंय."

"तिचं थांबलं तर त्या बावीस जणांचं काय होईल?"

दोघांनी कागद घेऊन हिशेब मांडला. तेजलचा वाटा तेविसावा. बाकीच्यांना थोडी भोवळ येईल, फार तर एखादा ठोका चुकेल. तरी शस्त्रक्रियेच्या आठ दिवस आधी मिनिटमापी काढून घ्यावेत, आणि त्या दिवशी बाईंनी रुग्णवाहिका घेऊन शाळेत थांबावं, असं ठरलं. एका शाळेतला प्रकल्प तात्पुरता थांबवायला तिन्ही संस्थांच्या सह्या लागत होत्या. कारणाच्या रकान्यात 'तांत्रिक' असं लिहून बाईंनी त्या दोन दिवसांत मिळवल्या. त्याला विक्रमच म्हणायला हवं.

*

हृदय दहाला थांबवायचं ठरलं होतं, पण आधीची एक शस्त्रक्रिया लांबली आणि अकरा वाजले. शाळेच्या पडवीत बाई कानाला फोन लावून उभ्या होत्या. पलीकडे डॉ. मुल्लांची मदतनीस डॉक्टरीण होती.

परिपाठ संपला. मुलांनी उठून वर्गात जायला हवं होतं. त्याऐवजी बावीस जणांनी मांडी घातली आणि मनगटावर बोटं ठेवली. पुढ्यात काही नव्हतं. तरीही डोळे मिटले.

"मी न्हाई सांगितलं हां," गुरुजी घाईनं म्हणाले. "तेजलसाठी बसल्यात. सकाळपास्नं त्येंचं ठरलंय."

बाईंना गहिवरून आलं. मुलांना उठवावं असं त्यांच्या मनातही आलं नाही.

फोनमधून आवाज आला. "औषध दिलंय मॅडम. थांबत नाहीये."

"म्हणजे?"

"हृदय थांबत नाहीये. सर दुसरा डोस देतायत." थोडा वेळ नुसती यंत्रांची टिकटिक. "तरी चालूच आहे. सर म्हणतात, असं कधी पाहिलं नाही. हलणाऱ्या हृदयावर टाका घालता येणार नाही, आणि तिसरा डोस देता येत नाही."

बाईंनी समोर पाहिलं. बावीस चेहरे, शांत. बावीस छात्या एकाच वेळी वर, एकाच वेळी खाली. आणि आपली चूक त्यांना लख्ख दिसली. एक थांबलं तर बावीस जणांचं काय, याचा हिशेब त्यांनी केला होता. बावीस चालू असताना ते एक कसं थांबेल, हे विचारायचं राहून गेलं होतं. प्रेमानं बसलेली ही पोरं तेजलला मारत होती.

"उठा!" त्या ओरडल्या. "उठा सगळे! पळा! एकत्र नाही, प्रत्येकानं वेगळं! तू झाडावर चढ, तू दोरीवरच्या उड्या मार, तू झोप इथे, तू गाणं म्हण! गुरुजी, पांगवा यांना!"

मुलं बावरली. गुरुजींनी शिट्टी फुंकली. "आरं पळा की! आज कुनी कुनाबरबर खेळायचं न्हाई!"

अंगण विस्कटलं. कुणी विहिरीला फेरी मारू लागलं, कुणी लंगडी घालू लागलं, एक मुलगी पाय हलवत नुसतीच बसून राहिली.

"थांबलं!" फोन म्हणाला. "थांबलं मॅडम. सर सुरू करतायत."

पुढची पन्नास मिनिटं बाई आणि गुरुजींनी त्या मुलांना एका खेळात येऊ दिलं नाही. दोघं जवळ आली की त्यांची पावलं आपोआप सारखी पडू लागत आणि गुरुजी मध्ये धावत. बारा वाजायला पाच मिनिटं असताना फोन पुन्हा बोलला. भोक शिवून झालं होतं. औषध धुतलं होतं. आता हृदय चालू व्हायचं होतं.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"नाही अजून."

"आता?"

"विजेचा झटका दिलाय. नाही." मग डॉ. मुल्लांचा स्वतःचा आवाज आला, लांबून, कोरडा. "बाई, टाके उत्तम बसलेत. रंग चांगला आहे. सगळं काही ठीक आहे. फक्त ते चालू होत नाहीये. जसं काही त्याला सुरुवात कशी करायची ते ठाऊकच नाही."

बाईंनी शिट्टी गुरुजींच्या हातातून ओढून घेतली.

मुलं आली. घामेजलेली, धापा टाकणारी. मांडी घालून बसली, बोटं मनगटावर गेली. पण पळून आलेल्याची नाडी एक, झोपून राहिलेल्याची दुसरी. बाई एकेक मनगट चाचपत रांगेतून फिरल्या. बावीस नाड्या, बावीस तऱ्हा. फोनमधली डॉक्टरीण यंत्रावर किती मिनिटं झाली ते सांगत होती. दोन मिनिटं गेली. चार गेली. मागच्या रांगेत एकजण मुसमुसत होता, त्याचं काही केल्या जुळेना. शेजारच्या मुलीनं डोळे न उघडता आपला गुडघा त्याच्या गुडघ्याला लावला. मुसमुसणं थांबलं.

मग अंगणातला श्वासांचा गोंधळ विरत गेला आणि एकच श्वास उरला.

"लागलं," फोन म्हणाला. डॉक्टरीण रडत होती. "ठोका लागला मॅडम."

*

तेजल तीन आठवड्यांनी गावी परतली. ओठ गुलाबी झाले होते. डॉ. मुल्लांनी तिच्या हृदयाचे आलेख पुण्याला पाठवले आणि सोबत चार ओळी लिहिल्या. हृदयात ठोका सुरू करणारी जी जागा असते, ती तेजलच्या हृदयात धडधाकट आहे, पण काम करत नाही. बहुधा बरेच दिवस करत नसावी. तिला तशी गरजच पडलेली नाही.

बाईंनी ते पत्र दोनदा वाचून खणात ठेवलं. नंतरचे दोन महिने त्या बैठकांमध्ये अडकल्या. प्रकल्प बंद करावा की वाढवावा, यावर तिन्ही संस्थांची चार मतं होती. शेवटी मार्चअखेर करार संपू द्यायचा असं ठरलं आणि बाईंना सुटल्यासारखं वाटलं. निरोप द्यायला त्या खडीवळ्याला गेल्या.

मधली सुट्टी होती. अंगणात तीनच मुलं पळत होती. उरलेली पडवीत, भिंतीला टेकून, मनगटावर बोटं ठेवून बसली होती.

"ही का नाही खेळत?"

"पाळी लावलीया मॅडम," तेजल म्हणाली. तिनं एक वही पुढे केली. रेघा मारून तक्ता आखला होता. तारीख, बसलेली मुलं, पळणारा, काय झालं. बाईंनी दोन वर्षांपूर्वी प्रशिक्षणाच्या चित्रफितीत शिकवला होता तसाच, अगदी नीट.

"त्या दिवशी समदी पळाली तवा माजं बंद पडलं, असं गुरुजी म्हनाले. मग आमी बगितलं. मी एकटी लांब पळायची आनि किती जन बसल्यावर पुरतंय ते बगायचं. वीस बसली तर काय होत न्हाई. पंधराला बी न्हाई. दहाला बी न्हाई. नऊला मी पडले."

"पडलीस?"

"लगीच बसली की समदी. उठले मी." तेजलनं पान उलटलं. "तुमी म्हनला हुता, तीनदा केल्याबिगर नोंद खरी धरायची न्हाई. म्हनून तीनदा पडले."

बाईंनी वही तिच्या हातून काढून घेतली. त्यांचे डोळे सवयीनं ओळी वाचत होते. पुढच्या पानावर तेजलचं नाव नव्हतं. पळणारा, गणपत पाटील. नऊ बसली, पडला. तीनदा. त्याच्या पुढच्या पानावर शिल्पा दळवी. नऊ बसली, पडली. तीनदा. पानं संपेपर्यंत तेवीस नावं होती. यातल्या बावीस जणांच्या हृदयात कसलाही दोष नव्हता.

प्रत्येकजण बाकीच्यांच्या लयीला धरून होता. शस्त्रक्रियेच्या दिवशी पांगून पळण्यापुरती तरी लय प्रत्येकाकडे होती, आता स्वतःची कुणाकडेच उरली नव्हती.

"एकट्यानं येगळं काय केलं की दहा बसाय लागत्यात," तेजल समजावून सांगत होती. "आनि आमी सातवीतली चौदा जनं जूनला हायस्कुलात जानार. कोन चंदगडला, कोन बेळगावला. तितं ह्या वेळंला बसू देत्यात का म्हाईत न्हाई. हितं नऊ उरत्यात. एक कमी पडतं. गुरुजींना बसवून बगितलं, पन मोठ्यांचं जुळत न्हाई."

"मग?" बाईंनी विचारलं.

तेजलनं खोलीकडे बोट केलं. आत, चटईवर, पहिलीतली अकरा मुलं एका रांगेत मांडी घालून बसली होती. सहावीतली एक मुलगी पुढे उभी राहून त्यांना शिकवत होती. घड्याळ बघायचं नाही. आकडे म्हणायचे नाहीत. आतून वाटलं पाहिजे. हेमांगीबाईंचीच वाक्यं होती ती.

"जुनी असली की नवीन लौकर जुळतंय," तेजल म्हणाली. "दोन वर्सं लागत न्हाईत. धा दिवसांत ह्यातली सा जनं आली बी."

बाई दारात उभ्या राहिल्या. ओरडावं, सगळ्यांना उठवावं, त्या अकरा जणांना घरी पाठवावं, असं त्यांना वाटलं. त्यांच्या मागे पडवीत अठरा मुलं बसली होती आणि अंगणात तीन जण हसत पळत होते. नवी मुलं जुळली नाहीत तर जूननंतर ते पडणार होते.

रांगेच्या टोकाला एक अगदी बारकी मुलगी रडकुंडीला आली होती. तिला नाडी सापडत नव्हती. मनगट उलटंपालटं करून ती दाबत होती. तिनं मान वर करून बाईंकडे पाहिलं.

हेमांगीबाईंनी चपला दारातच काढल्या. मग त्या आत गेल्या, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या, आणि तिची दोन चिमुकली बोटं धरून त्यांनी ती नाडीवर नीट ठेवली.